एका ठोक्यासाठी कर्मचारीकपात

माझ्या कॉम्प्युटरमध्ये एवढे कर्मचारी कामाला आहेत, हे कानसेनांनी सांगेपर्यंत मला माहीत नव्हतं.

कानसेन म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. गॅस कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी उरलेलं आयुष्य आवाज ऐकण्याला वाहून टाकलंय. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे आणि ते तिथेच राहिलंय. एकदा जिन्यात भेटले, तेव्हा मी सहज म्हणालो की आमच्या कॉम्प्युटरवर संगीत जरा दबल्यासारखं ऐकू येतं. बस्स. काही वाक्यं माणसाने जिन्यात बोलू नयेत. चहाचं आधण उकळायच्या आत कानसेन आमच्या घरात, माझ्या खुर्चीत, माझा माउस हातात घेऊन बसले होते.

त्यांनी कुठलीतरी खिडकी उघडली आणि पडद्यावर नावांची एक रांग लागली. ते चाक फिरवतायत, फिरवतायत, पण रांग काही संपेना.

“हे काय आहे?” मी विचारलं.

“हे तुमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचे सेवक. मशीन चालू झालं की हे सगळे आपापल्या जागेवर येऊन बसतात. कोणी प्रिंटरची वाट बघतंय, कोणी घड्याळ जुळवतंय, कोणी नुसतंच मधूनमधून उठून ‘काही नवीन आलंय का’ म्हणून बाहेर डोकावतंय. तुम्ही संगीत लावता तेव्हा ते बिचारं या गर्दीतून वाट काढत बाहेर येतं. मग दबणार नाही तर काय होणार?”

मी थक्क झालो. माझी सगळी नोकरी आस्थापना विभागात चाललेली. कागदावर कामात आणि प्रत्यक्षात गॅलरीत असलेला माणूस मला नुसत्या चालण्यावरून ओळखू येतो. पण इतक्या वर्षांत त्यातल्या एकालाही घरी पाठवणं मला जमलेलं नाही. कोणाचा मेव्हणा वर बसलेला असतो, कोणाची युनियन खाली उभी असते. आणि इथे कानसेनांनी एका नावावर टिचकी मारली, ‘थांबवा’ म्हटलं आणि तो थांबला! ना नोटीस, ना चौकशी समिती, ना गेटवर घोषणा. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

या मोहापायीच मी पुढचा सगळा उपद्व्याप केला, असं आमच्या इमारतीत बोललं जातं. ते साफ खोटं आहे. कारण वेगळं होतं, आणि ते आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसलेलं होतं.

आबा. माझे सासरे. तरुणपणी ते रेडिओच्या मोठ्या वाद्यवृंदात होते. काय वाजवायचे? तर ट्रँगल. दोरीला टांगलेली ती त्रिकोणी पोलादी सळई आणि ती वाजवायची छोटीशी कांडी. त्या वाद्यवृंदाची एकच रचना रेकॉर्ड होऊन बाहेर आली. चांगली लांबलचक रचना, आणि त्या सबंध लांबीत आबांच्या वाट्याला एक ठोका. एकच. रेकॉर्डच्या वेष्टणावर सगळ्या वादकांची नावं आहेत आणि शेवटी ‘व इतर’ असं छापलंय. आबा म्हणजे ते इतर. आता गंमत अशी की तो ठोका आजवर कोणालाही ऐकू आलेला नाही. बायकोला नाही, मेव्हण्याला नाही, मला तर नाहीच नाही. त्यांच्या घरात तो थट्टेचाच विषय होता. आबाही हसायचे. म्हणायचे, “आहे रे, त्यात मी आहे. तुमचे कान कच्चे.”

यंदा आबा आमच्याकडे राहायला आले, आणि एकदा फिरायला गेले ते घरच विसरले. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने हाताला धरून आणून सोडलं. डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी काहीबाही विचारलं, तपासलं आणि म्हणाले, “विसरण्याचं एवढं नाही. पण या वयात माणूस रिकाम्या जागा मनानेच भरायला लागतो. जे घडलं नाही तेही घडलं असं त्याला अगदी खरं वाटतं. तिकडे लक्ष ठेवा.” हे सगळं आबांच्या समोर. आबा जणू काही दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय अशा चेहऱ्याने बसले होते.

घरी आल्यावर मात्र ते म्हणाले, “जावईबापू, तो ट्रँगलसुद्धा मी मनानेच भरलेला असणार. तुम्हा कोणालाच ऐकू येत नाही, म्हणजे नसणारच तो.”

बायको उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळाखाली भांडं नव्हतं. मी मागे गेलो, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, “अहो, तो ठोका एवढा एक खरा निघाला ना, तर बाकीच्यावरही त्यांचा विश्वास राहील. नाहीतर आता ते प्रत्येक गोष्टीत असंच म्हणत बसतील. मी लहान असतानाचं काही सांगितलं तरी म्हणतील, मी मनानेच भरलं असेल.” मी तिला म्हणालो, काळजी करू नकोस, मी शोधतो. नवरेमंडळी असं म्हणतात तेव्हा पुढचं काहीच त्यांना माहीत नसतं.

घरातली रेकॉर्ड झिजून खरखरीत झालेली. रेडिओच्या संग्रहातून त्या रचनेची स्वच्छ फाइल मिळवायला मी जे अर्ज-विनंत्या केल्या, तो वेगळाच इतिहास आहे. फाइल आली, मशीनवर लावली आणि आवाज दबका. म्हणून मी जिन्यात ते वाक्य बोललो. आता कळलं ना?

पहिल्या दिवशी आम्ही प्रिंटरच्या सेवकाला घरी पाठवलं, आबांची आरामखुर्ची बाहेर दिवाणखान्यात आणली आणि ऐकायला बसलो. कानसेनांची अट अशी, की डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की कान आळशी होतात म्हणे. ती रचना सुरू होते तीच इतकी हळू, की काही वाजतंय की नाही ते कळायलाच वेळ लागतो. आम्ही डोळे मिटून बसलो. आणि मला, शपथेवर सांगतो, बासरी सुरू व्हायच्या आधी कोणीतरी श्वास घेतलेला ऐकू आला.

माझ्या लग्नाच्याही आधी, कुठल्यातरी बंद खोलीत एका माणसाने घेतलेला श्वास, आणि तो आज माझ्या दिवाणखान्यात! त्या माणसाला घरी जायची घाई असेल, त्या दिवशी त्याचं डोकं दुखत असेल, कोणाशी भांडून आला असेल. त्याला काय माहीत, आपला श्वास कोणीतरी जपून ठेवतंय ते! संगीत राहिलं बाजूला, मी त्या श्वासापाशीच अडकून पडलो.

“तो बासरीवाला,” आबा आरामखुर्चीतून म्हणाले. “त्याला दमा होता. श्वास घेताना खांदे उडायचे त्याचे.”

मग पुढे कागद सळसळला. “तो दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला. पान उलटायची त्याला भारी घाई.” मग एक खुर्ची करकरली. आबा नुसतेच हसले. मी बायकोकडे बघितलं, तर ती खाली बघत होती. नंतर मला म्हणाली, “हे तरी खरं की भरलेलं, कसं कळायचं?”

ठोका काही ऐकू आला नाही. “कुठे येतो तो, आबा?” मी विचारलं.

“आवाज चढत जातो ना, तिथे कुठेतरी. नाही, त्याच्या आधी. थांबा हं. नाही हो, सांगता येत नाही.” आणि त्यांनी मान वळवली.

मग मात्र मी पेटलो. रोज ऑफिसातून आलो की हातपाय धुवायच्या आत एक-दोघांना घरी पाठवायचं. यात अडचणी काय कमी? एका सेवकावर टिचकी मारली तर मशीन म्हणालं, ‘आपल्याला हा बदल करण्याचा अधिकार नाही. कृपया प्रशासकाशी संपर्क साधा.’ अरे, प्रशासक मीच! घर माझं, मशीन माझं, विजेचं बिल माझ्या नावावर! मी स्वतःशी कसा संपर्क साधू? हेच वाक्य मी जन्मभर खिडकीपलीकडच्या लोकांना ऐकवत आलोय, पण खिडकीच्या या बाजूने ते एवढं लागतं याची मला कल्पना नव्हती. शेवटी कानसेनांनी मला कुठूनतरी वरच्या प्रशासकाची बढती मिळवून दिली. मग एकाला हात लावला तर मशीन म्हणे, ‘याच्यावर अवलंबून असलेले पुढील सेवकही थांबतील.’ खाली कच्च्याबच्च्यांसारखी नावं. मी मन घट्ट केलं.

माझी बायको दुपारी याच मशीनवरून मुलांना गणित शिकवते. तिच्या सरावाच्या उदाहरणांचे कागद छापायचे थांबले, हे तिने सोसलं. पडद्यावरचा आमचा दोघांचा डोंगरावरचा फोटो जाऊन तिथे काळा रंग आला, कारण रंग दाखवण्यातसुद्धा मशीनची शक्ती जाते. तेही तिने सोसलं, फक्त “माझा चेहरा पण आवाज करतो का?” एवढंच विचारलं. पण घड्याळ जुळवणारा सेवक गेल्यावर मशीनचं घड्याळ मागे पडत गेलं, आणि एके दिवशी ती वर्गात ‘काल आपण कुठे होतो?’ म्हणून बोलायला लागली, तेव्हा सगळी मुलं वाट बघून खेळायला निघून गेली होती. त्या दिवशी मला चहा मागून घ्यावा लागला.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचे सल्ले चालूच होते. समोरच्या वहिनी दारातूनच म्हणायच्या, “भाऊजी, आमच्या ह्यांनी पण एकदा रेडिओ उघडला होता. अजून बंद नाही झाला.” कानसेन म्हणाले, फ्रिजची मोटर वायरीत घाण सोडते. मी फ्रिज बंद केला. दूध नासलं. वहिनी म्हणाल्या, “दूध माझ्याकडे ठेवा हो, त्यात काय. पण मग लिफ्टची मोटर काय घाण सोडत नसेल?” त्या चेष्टेने म्हणाल्या. कानसेनांनी ते मनावर घेतलं आणि कोणाला न विचारता खाली जाऊन लिफ्टचा खटका पाडला. आत आमच्या इमारतीचे सेक्रेटरी होते. दोन मजल्यांच्या मधे लटकून त्यांनी ज्या आवाजात आमचा उद्धार केला, तो आवाज मात्र अगदी स्वच्छ, कुठेही न दबता ऐकू आला.

पण सगळ्यात जिव्हारी लागलं ते वेगळंच. आबांच्या पेन्शनसाठी ते हयात असल्याचं दरवर्षी सिद्ध करावं लागतं. हल्ली कॉम्प्युटरसमोर बसायचं, चेहरा दाखवायचा, झालं. बायकोने आबांना इस्त्रीचा शर्ट घालून मशीनसमोर बसवलं. आणि मशीन म्हणालं, ‘समोर कोणीही आढळले नाही.’ कॅमेऱ्याच्या सेवकाला मी आदल्याच दिवशी निरोप दिला होता. मी घाईघाईने त्याला परत बोलवायला गेलो, तर त्याच्या वरचा साहेब जागेवर नव्हता. त्यालाही मीच घालवलेलं.

पेन्शनच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी त्यांच्या पडद्याकडे बघितलं. “हयात असल्याची नोंद झालेली नाही.”

“अहो, हे काय समोर बसलेत!”

“ते दिसतंय मला. पण मशीनला दिसले नाहीत ना.” बाईंचा सूर अगदी माझा होता. अक्षरशः माझा.

त्यांनी पुन्हा यायला सांगितलं. परत येताना आबा म्हणाले, “डॉक्टर म्हणाले ते एकवेळ ठीक होतं. आता मशीन म्हणतंय, मीसुद्धा नाहीच.” ते हसत म्हणाले, पण माझ्या बायकोने त्यांचा हात घट्ट धरला. घरी आल्यावर तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, “या रविवारी शेवटचं. ठोका मिळाला तर मिळाला. नाही मिळाला तर ते मशीन मला होतं तसं हवंय. आणि आबांच्या समोर पुन्हा त्या रेकॉर्डचं नाव काढायचं नाही.”

रविवारी सकाळी मी उरल्यासुरल्यांची हजेरी घेतली. त्यात मला एक इसम सापडला. नाव लांबलचक, काही अर्थबोध होईना. पण लबाड असा, की संगीत लावलं की हमखास धावपळ करायचा आणि बंद केलं की गप्प. म्हणजे आवाजात लुडबूड करणारा हाच! इतके दिवस नाकाखाली बसून होता आणि मी मात्र गरीब बिचाऱ्या प्रिंटरवाल्याच्या मागे लागलो होतो. मी त्याला थांबवलं. मशीनने विचारलं, ‘आपली खात्री आहे का?’ इतकी खात्री मला आयुष्यात कशाचीच नव्हती.

दुपारी चहा झाला आणि आम्ही बसलो. कानसेन, वहिनी, बायको, मी. आबा आरामखुर्चीत, हातात अर्धा कप चहा आणि त्यात चमचा. पंखा बंद, फ्रिज बंद, खिडक्या बंद. लिफ्टला मात्र कोणी हात लावला नाही. ‘हं, चालू’ म्हणून मी रचना चालू केली आणि डोळे मिटले.

शांतता. अशी शांतता मी या घरात कधी ऐकली नव्हती.

“बघा,” कानसेन कुजबुजले, “पार्श्वभूमी कशी काळीभोर झालीय! खरखर नाही, गुणगुण नाही. याला म्हणतात आवाज.”

“खरंच हो,” वहिनी म्हणाल्या. “काहीच ऐकू येत नाहीये.”

“तेच तर!” कानसेन मान डोलावत म्हणाले.

मीही भारावून बसलो होतो. पण हळूहळू माझ्या मनात आलं, की बासरीवाला अजून श्वास कसा घेत नाही? मी एक डोळा किलकिला करून पडद्याकडे बघितलं. रचना किती पुढे गेली ते दाखवणारा तो छोटा ठिपका बासरी ओलांडून, पानाची सळसळ ओलांडून, करकरणारी खुर्चीसुद्धा ओलांडून निघाला होता. मशीन वाजवत होतं. बाहेर काही येत नव्हतं. आणि मला लख्ख उमगलं, की सकाळी मी ज्याला हाकललं तो लुडबूड करणारा नव्हता. आवाज बाहेर आणून देणारा तोच होता.

आता हे कबूल करायचं कोणत्या तोंडाने? मी घसा साफ करायला लागलो, तेवढ्यात बायकोचा हात माझ्या मनगटावर पडला. तिचेही डोळे उघडे होते. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि आबांकडे खूण केली.

आबांचे डोळे मिटलेले होते. कप मांडीवर होता. एका हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालला होता. एक पेर, दुसरं, तिसरं, मग पुढचं बोट. ओठ जेमतेम हलत होते. मधेच अंगठा थांबायचा, मान किंचित खाली जायची, आणि पुन्हा चालू. कुठेही घाई नाही. ज्या माणसाला कोपऱ्यावरून घर सापडलं नव्हतं, तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत कुठल्यातरी ओळखीच्या रस्त्याने एकटाच निघाला होता आणि एकही वळण चुकत नव्हता. मला श्वास घ्यायचीही भीती वाटायला लागली. कानसेन आपले डोळे मिटून डोलत होते.

आबांनी चमचा उचलला. बोटांच्या अगदी टोकांत धरला. तो हवेत थांबला. इतका वेळ थांबला, की आता हे विसरले, असं मला वाटलं. मग त्यांनी एक हलकासा श्वास घेतला आणि कपाच्या कडेवर चमचा लावला.

टिंग.

काय करतोय हे कळायच्या आत मी झेप घेऊन पडद्यावर, ठिपका होता त्या जागी, नख टेकवलं होतं.

“ऐकलंत?” कानसेन उडी मारून उठले. “ट्रँगल! ट्रँगल आला! काय स्वच्छ! जणू काही इथे या खोलीत वाजला!”

“इथेच वाजला,” आबा डोळे उघडत म्हणाले. “मीच वाजवला. तुमच्या मशीनमध्ये मघापासून काही वाजतच नाहीये. म्हटलं, बाकीची मंडळी आली नाहीत तर नाहीत, आपण आपलं काम करून मोकळं व्हावं.”

कानसेन खाली बसले. त्यांच्याकडे बघवेना. पण मला कोणाकडे बघायला वेळच नव्हता. “आबा,” मी नख न हलवता विचारलं, “इतके दिवस तुम्हाला जागा सांगता येत नव्हती. मग आज कशी सापडली?”

“आज संगीत नव्हतं ना,” आबा म्हणाले, जणू हे अगदी साधं होतं. “अहो, आम्ही वाजवताना ऐकायचो नाही. ऐकायला लागलं की मोजणं चुकतं. बाकीच्यांना चुकलं तर पुढे सावरता यायचं. माझा एकच ठोका, तो हुकला की संपलं. म्हणून तालमीत, कार्यक्रमात, रेकॉर्डिंगला, मी फक्त मोजायचो. ती रचना मी कधी ऐकलीच नाही हो. आता तुम्ही लावता तेव्हा मी मोजायला बसतो, आणि ती बासरी सुरू झाली की माझं मोजणं कुठल्या कुठे जातं. इतकं सुंदर वाजवत होते ते लोक! मी त्यांच्यात बसलेला होतो आणि मला पत्ताच नव्हता.”

बायकोने आबांच्या मांडीवरचा कप उचलून बाजूला ठेवला.

“उठू नका तिथून,” बायको मला म्हणाली आणि तिने माझ्या हाताखालून माउस काढून घेतला. मी नख तसंच धरून वाकलेला, आणि ती पटापट टिचक्या मारतेय. पूर्वस्थितीत आणा. सर्वांना. हो. हो. खात्री आहे. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं. माझी पाठ दुखायला लागली होती, पण मी जागचा हललो नाही. वहिनींनी माझ्या कोपराखाली उशी दिली. मग सगळे कर्मचारी एकदम कामावर रुजू झाले. घड्याळाने उडी मारली. आमचा डोंगरावरचा फोटो परत आला. कोणीतरी तीन-चार चौकटी उघडून काही नवीन आल्याचं सांगायला लागलं. प्रिंटर जो जागा झाला, तो इतक्या दिवसांची अडकून पडलेली गणितं खडाखडा बाहेर टाकत सुटला. आबांना उकडत होतं म्हणून बायकोने पंखाही लावला, आणि लगे हाथ फ्रिजही चालू केला.

“या गोंगाटात?” कानसेन कळवळले.

“या गोंगाटात,” बायको म्हणाली, आणि तिने रचना आधीसारखीच पडदाभर उघडून चालू केली.

या वेळी आवाज आला. दबकाच, पहिल्यासारखा. बासरी आली. आबांनी डोळे मिटले. मी आबांना सांगणार होतो की मोजा, पण त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर सैल पडले होते. मी पडद्याकडे बघत राहिलो. ठिपका माझ्या नखाकडे सरकत होता. आवाज चढायला लागला, व्हायोलिनं चढली, पितळी वाद्यं आली, सगळी मिळून वर वर निघाली आणि अगदी माथ्यावर पोचली. ठिपका माझ्या नखाखाली गेला.

आणि तो होता. त्या सगळ्या गदारोळाच्या वर, केसाएवढी बारीक, लखलखीत एक कड. आजवर आम्ही ती व्हायोलिनचीच समजत आलो होतो. पंखा, प्रिंटर, फ्रिज, कशानेही तिला झाकलं नव्हतं. ती तिथे होतीच, प्रत्येक वेळी होती. अख्खा वाद्यवृंद जीव तोडून जिथे पोचत होता, नेमका तिथे एक माणूस आधीपासून उभा होता.

वहिनींनी तोंडावर पदर धरला. माझी बायको आबांच्या खुर्चीपाशी खाली बसली. “आबा,” ती म्हणाली. आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आबांचे डोळे मिटलेलेच होते. गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते मन लावून ऐकत होते. संगीत उतरत गेलं, शांत झालं, थांबलं. मग त्यांनी डोळे उघडले आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघितलं.

“काय झालं?” ते म्हणाले. “माझा ठोका आला की काय?”

“आला, आबा.”

“मी ऐकत होतो,” ते ओशाळून म्हणाले. “माझ्या ध्यानातच राहिलं नाही.” मग जरा पुढे सरकून, हळूच, फक्त मला विचारल्यासारखं म्हणाले, “वेळेवर आला ना?”

“अगदी वेळेवर,” मी म्हणालो.